बोर्ड सारखा रिसेट होतोय? आधी रिसेट लाइन कोण खाली ओढतंय ते शोधा

द्राक्षबागेतला ठिबकचा एक कंट्रोलर दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर आला होता. तक्रार एवढीच, की पाणी बंद होत नाही. झाकण उघडलं तर सुपरवायझर आयसीच्या (सप्लाय आणि फर्मवेअरवर नजर ठेवून गरज पडली की बोर्ड रिसेट करणाऱ्या चिपच्या) चार नंबरच्या पिनेकडे जाणारा ट्रॅक कुणीतरी ब्लेडने कापलेला. चौकशी केल्यावर उलगडा झाला. आधी हा बोर्ड दर थोड्या वेळाने आपोआप रिसेट व्हायचा. दुरुस्तीला हात घालणाऱ्याने तो ट्रॅक कापला, रिसेट थांबले, सगळ्यांना वाटलं काम झालं. मग एका रात्री फर्मवेअर अडकलं, व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि उजाडेपर्यंत बागेत पाणी साचलं. कापलेली पिन वॉचडॉगची होती, म्हणजे फर्मवेअर अडकलं की बोर्ड रिसेट करणाऱ्या सोयीची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

हा लेख अशांसाठी आहे, ज्यांनी मायक्रोकंट्रोलरचे एक-दोन बोर्ड बनवलेत, त्यावर सुपरवायझर लावलाय, आणि आता बोर्ड रिसेट का होतो हे कळत नाहीये. उदाहरणासाठी मी टीपीएस३८२३-३३ हा पाच पायांचा सुपरवायझर आयसी आणि ३.३ व्होल्टवर चालणारा एसटीएम३२एफ१०३ हा मायक्रोकंट्रोलर धरतो. दोन्ही सहज मिळतात, आणि नवशिक्याला अडकवणाऱ्या बहुतेक गोष्टी या जोडीत बघायला मिळतात.

आधी समजून घ्या: कामं दोन, पाय एक

सुपरवायझर दोन गोष्टींवर नजर ठेवतो. पहिली म्हणजे सप्लाय. व्होल्टेज ठरलेल्या थ्रेशोल्डच्या, म्हणजे किमान पातळीच्या, खाली गेलं की तो रिसेट पिन खाली ओढतो. व्होल्टेज परत वर आलं तरी लगेच सोडत नाही, ठरावीक वेळ धरून ठेवतो. दुसरी गोष्ट फर्मवेअर. मायक्रोकंट्रोलरने वॉचडॉगच्या पिनेवर अधूनमधून हालचाल दाखवायची, ‘मी जागा आहे’ अशी हाळी द्यायची. ठरलेल्या वेळात हाळी आली नाही, की तोच रिसेट पिन, तेवढ्याच वेळासाठी खाली.

घोळ इथेच होतो. कारणं दोन, पण बाहेर दिसणारा परिणाम एकच. त्यात मायक्रोकंट्रोलरच्या आतही स्वतःचा वॉचडॉग आणि स्वतःचा ब्राउनआउट रिसेट (सप्लाय कमी पडला की होणारा) असतो, म्हणजे संशयित चार झाले. म्हणून पहिल्या मिनिटाला पार्ट बदलू नका. आधी ओळख परेड घ्या.

पायरी १: डेटाशीटमधले तीन आकडे नाही, नऊ आकडे लिहा

डेटाशीटच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असतो तो सर्वसाधारण आकडा. टीपीएस३८२३-३३ चा थ्रेशोल्ड २.९३ व्होल्ट, रिसेट धरून ठेवण्याचा वेळ २०० मिलिसेकंद, वॉचडॉगचा वेळ १.६ सेकंद. नवशिका हे तीन आकडे लक्षात ठेवतो आणि त्यावरच डिझाइन करतो. आतल्या तक्त्यात मात्र प्रत्येकाला कमाल आणि किमान असे आणखी दोन रकाने असतात. रिसेटचा वेळ १२० ते २८० मिलिसेकंदांत कुठेही असू शकतो. वॉचडॉगचा वेळ ०.९ ते २.५ सेकंदांत.

हे पुन्हा वाचा. ज्याला आपण १.६ सेकंद म्हणतो तो आयसी ०.९ सेकंदातही चावू शकतो, आणि तरीही तो अगदी चांगला, निर्दोष आयसी असतो. टेबलावरच्या तीन बोर्डांवर दर १.२ सेकंदांनी हाळी देणारं फर्मवेअर बिनतक्रार चाललं म्हणून शंभर बोर्ड काढले, तर त्यातले काही उन्हात किंवा थंडीत रिसेट होत राहणार, आणि कारण कुणाच्या लक्षात येणार नाही.

म्हणून वहीत नऊच्या नऊ आकडे लिहा. हिशेब करताना नियम सोपा आहे. आपल्याला ज्या बाजूने धोका आहे तो रकाना घ्यायचा. फर्मवेअरने किती वेळात हाळी द्यावी? वॉचडॉगचा किमान वेळ घ्या. अडकलेलं फर्मवेअर जास्तीत जास्त किती वेळ व्हॉल्व्ह उघडा ठेवेल? कमाल घ्या. क्रिस्टल स्थिर व्हायला पुरेसा वेळ मिळतो का? रिसेटचा किमान वेळ घ्या.

आयसीचा नंबर नीट वाचा, शेवटच्या अक्षरासकट. मॅक्स८०९ या सुपरवायझरच्या कुटुंबात ‘एल’ म्हणजे ४.६३ व्होल्ट, ‘टी’ म्हणजे ३.०८, ‘एस’ म्हणजे २.९३, ‘आर’ म्हणजे २.६३. तीन पायांचा तो दाणा चारही प्रकारांत हुबेहूब सारखा दिसतो. ३.३ व्होल्टच्या बोर्डावर चुकून ‘एल’ बसला तर बोर्ड कायमचा रिसेटमध्ये राहतो आणि माणूस दिवसभर फर्मवेअरमध्ये चूक शोधत बसतो.

पायरी २: घड्याळ लावून ताल मोजा

याला कुठलंच महागडं उपकरण लागत नाही. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा, दहा रिसेट मोजा, वेळेला दहाने भागा.

दोन रिसेटमधलं अंतर १.८ सेकंदांच्या आसपास आलं, तर संशय वॉचडॉगवर. १.६ सेकंद वाट बघणं आणि ०.२ सेकंद रिसेट धरून ठेवणं, बेरीज १.८. आयसी-आयसीमधला फरक धरला तर हे अंतर साधारण १ ते २.८ सेकंदांत पडेल, पण एकाच बोर्डावर ते जवळजवळ स्थिर असेल. घड्याळासारखा ठोका असेल तर कुठला तरी टायमर त्यामागे आहे.

अंतर पाव ते अर्धा सेकंद आलं आणि सोबत रिलेची फडफड ऐकू येत असेल, तर बहुधा सप्लाय बसतोय. रिसेट सुटतो, फर्मवेअर सुरू होतं, रिले किंवा मोडेम चालू करतं, करंटचा झटका बसतो, व्होल्टेज थ्रेशोल्डखाली जातं, पुन्हा २०० मिलिसेकंद रिसेट. हे चक्र अखंड चालू राहतं.

ताल अजिबात नसेल, कधी दहा मिनिटांनी, कधी शेजारचा पंप सुरू झाला की, तर बाहेरचा नॉइज किंवा सैल जोड.

एक वेगळी केस एव्हीआर कुटुंबातले मायक्रोकंट्रोलर वापरणाऱ्यांसाठी. एटीमेगा३२८पी मध्ये आतल्या वॉचडॉगने एकदा रिसेट केला की तो वॉचडॉग चालूच राहतो, तोही सर्वांत कमी म्हणजे सुमारे १६ मिलिसेकंदांच्या वेळेवर. सुरुवातीलाच त्याचा फ्लॅग पुसून तो बंद केला नाही, तर फर्मवेअर मुख्य लूपपर्यंत पोचतच नाही. रिसेट इतके भराभर होतात की मोजता येत नाहीत, एलईडी नुसता मंद दिसतो किंवा लागतच नाही. तिथे बाहेरचा सुपरवायझर बदलून काही होणार नाही.

पायरी ३: स्कोप लावा आणि पल्सची रुंदी बघा

मल्टिमीटर इथे फसवतो. तो सरासरी दाखवतो. पन्नास मायक्रोसेकंदांचा खड्डा त्याला दिसतच नाही, आणि मीटरवर ३.३ बघून आपण सप्लायला निर्दोष ठरवतो.

स्कोपचा पहिला चॅनल सुपरवायझरच्या सप्लाय पिनेवर, दुसरा रिसेटवर, तिसरा वॉचडॉगच्या पिनेवर. ट्रिगर रिसेटच्या खाली जाणाऱ्या कडेवर, सिंगल मोडमध्ये, आणि ट्रिगरच्या आधीचे दोन-तीन सेकंदही दिसतील असा पडदा लावा. खड्डा बघण्यासाठी मग वेगळी मोजणी करा, मायक्रोसेकंदांच्या स्केलवर, कारण सेकंदांच्या स्केलवर काही स्कोप बारीक खड्डा गाळून टाकतात. सप्लाय मोजताना प्रोबची लांब मगर-क्लिप काढून टोकाजवळची स्प्रिंग ग्राउंडला टेकवा. लांब वायरचा फेरा रिले सुटतानाचा नॉइज पकडतो आणि नसलेला खड्डा दाखवतो. माझे स्वतःचे बरेच तास या खोट्या खड्ड्यांमागे गेले आहेत.

आता रिसेट किती वेळ खाली राहिला ते बघा. सगळ्यात बोलका पुरावा तोच.

तो २०० मिलिसेकंदांच्या आसपास असेल, तर ओढणारा सुपरवायझर. मग पहिल्या चॅनलकडे बघा. रिसेटच्या लगेच आधी खड्डा असेल तर पायरी ४. खड्डा नाही आणि वॉचडॉगच्या पिनेवरची शेवटची हालचाल साधारण १.६ सेकंदांपूर्वीची असेल तर पायरी ५. खड्डा नाही, हाळीही वेळेवर आहे, आणि तरी २०० मिलिसेकंदांचा पल्स, तर मॅन्युअल रिसेटची पिन तपासा. बटणापर्यंत लांब वायर गेली असेल तर ती अँटेनासारखी वागते.

पल्स फक्त वीसेक मायक्रोसेकंदांचा असेल, तर सुपरवायझरचा काही संबंध नाही. एसटीएम३२ची रिसेट पिन दोन्ही बाजूंनी चालते. आतल्या वॉचडॉगने किंवा सॉफ्टवेअरने रिसेट केला की चिप स्वतःच ती पिन सुमारे २० मायक्रोसेकंद खाली ओढते.

इथेच आपल्या जोडीतला पहिला खरा दोष समोर येतो. टीपीएस३८२३चा आउटपुट पुशपुल आहे, म्हणजे तो पिन खाली जशी ओढतो तशी वरही जोराने ढकलतो. आतून चिप खाली ओढतेय, बाहेरून सुपरवायझर वर ढकलतोय. स्कोपवर पल्स शून्यापर्यंत न जाता मधेच लोंबकळताना दिसेल. आतला रिसेट अशाने अर्धवट लागू शकतो किंवा लागतच नाही, आणि डीबगरलाही चिप रिसेटमध्ये धरता येत नाही. उपाय म्हणजे टीपीएस३८२८-३३. पिना त्याच, वेळा त्याच, पण आउटपुट ओपन ड्रेन, म्हणजे फक्त खाली ओढणारा. लाइन वर ठेवायला एसटीएम३२च्या आत ४० किलोओहमच्या आसपासचा पुलअप (लाइन सप्लायकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) असतोच. नॉइजच्या जागी बाहेरून १० किलोओहमचा लावा. पुशपुलच आयसी हाताशी असेल तर मधे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर टाकूनही भांडण सुटतं.

स्कोप नसेल तर? आठ चॅनलचा स्वस्त लॉजिक अॅनालायझर घ्या. सप्लायचा खड्डा त्यात दिसणार नाही, पण पल्सची रुंदी आणि हाळीची वेळ दिसेल, आणि अर्धी लढाई तिथेच संपते.

फर्मवेअरकडूनही साक्ष घ्या. एसटीएम३२च्या आरसीसी सीएसआर रजिस्टरमध्ये शेवटच्या रिसेटचं कारण नोंदलेलं असतं. सुरुवातीलाच ते वाचून सिरियल पोर्टवर छापा, मग फ्लॅग पुसा. पुसले नाहीत तर जुनी कारणं साचत जातात आणि पुढचं वाचन निरर्थक होतं. पिन रिसेटचा फ्लॅग आतल्या रिसेटमध्येही लागतो, कारण पिन तेव्हाही खाली गेलेली असते. म्हणून तो एकटाच लागला असेल, तरच कारण बाहेरचं समजा.

पायरी ४: सप्लाय बसत असेल तर

आधी साधा हिशेब. बऱ्याच बोर्डांवर एएमएस१११७-३.३ हा रेग्युलेटर असतो. त्याला इनपुट आणि आउटपुटमध्ये एक व्होल्टच्या वर अंतर लागतं, जास्त करंटला १.२-१.३ व्होल्ट. पाच व्होल्टचा चार्जर, पातळ लांब केबल, मोडेमने करंट खेचला, आणि रेग्युलेटरच्या तोंडाशी ४.३ व्होल्ट उरले. ४.३ वजा १.२ म्हणजे ३.१. बोर्डावर ३.०८ चा सुपरवायझर असेल तर कडेलोट व्हायला २० मिलिव्होल्ट पुरतात. सुपरवायझरने इथे आपलं काम चोख केलंय. दोष केबलचा.

थ्रेशोल्ड निवडताना दोन्ही बाजू बघाव्या लागतात. वरची मर्यादा म्हणजे रेग्युलेटर कमीत कमी किती देईल, त्यातून लोडच्या झटक्याचा खड्डा वजा. खालची मर्यादा म्हणजे मायक्रोकंट्रोलर त्याच्या क्लॉकवर किती व्होल्टपर्यंत धड चालतो. एसटीएम३२एफ१०३ दोन व्होल्टपर्यंत चालतो, म्हणून २.९३ चा थ्रेशोल्ड आरामशीर. पण एटीमेगा३२८पी १६ मेगाहर्ट्झवर चालवायचा तर सुमारे ३.८ व्होल्ट लागतात. तो ३.३ व्होल्टवर १६ मेगाहर्ट्झला चालवत असाल तर कुठलाच थ्रेशोल्ड बरोबर नाही. क्लॉक कमी करा.

खड्डा खरा असेल तर क्रम असा ठेवा. सुपरवायझरच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आहे का, आणि त्याचं ग्राउंड रिलेच्या करंटच्या वाटेत तर नाही ना, हे आधी. मग करंट खाणाऱ्या भागाजवळ मोठा कॅपॅसिटर. मग रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड. आणि फर्मवेअरमध्ये सगळे लोड एकदम चालू न करता थोड्या अंतराने. थ्रेशोल्ड कमी असलेला आयसी लावणं अगदी शेवटी, आणि तेही खालची मर्यादा तपासूनच.

सप्लाय हळूहळू चढत असेल, सोलर पॅनलवर पहाटे होतं तसं, तर आणखी एक गोष्ट. बरेच सुपरवायझर सुमारे एक व्होल्टच्या वरच रिसेट लाइन धरून ठेवायची हमी देतात. त्याखाली लाइन तरंगते, तिला कुणीच धरून ठेवत नाही. पुशपुल आउटपुट असेल तर रिसेट ते ग्राउंड १०० किलोओहमचा रेझिस्टर लावला की हा प्रश्न मिटतो. ओपन ड्रेनला हा उपाय लावू नका, तिथे पुलअपशी त्याची खेचाखेच होते.

पायरी ५: वॉचडॉग चावत असेल तर

सगळ्यात आधी तिसऱ्या चॅनलवर कडा दिसतायत का बघा. टीपीएस३८२३ ला बदल हवा असतो, वर जाणारा किंवा खाली येणारा. लूपमध्ये दर वेळी पिनेवर ‘एक’ लिहिला तर पहिल्यांदा एक कड मिळते आणि मग पिन वरच राहते. कोड वाचताना सगळं ठीक वाटतं. पिन उलटवायची असते.

कडा आहेत पण मधेच मोठी दरी पडतेय, तर ती दरी कुणाची ते शोधा. त्या ठिबकच्या बोर्डात मला हीच दरी दिसली. फर्मवेअर जीएसएम मोडेमला कमांड पाठवून उत्तराची वाट बघत एका लूपमध्ये उभं राहायचं. नेटवर्क चांगलं असताना उत्तर लगेच यायचं. नेटवर्क गेलं की दोन-तीन सेकंद, कधी उत्तरच नाही. वॉचडॉग दर वेळी त्याला त्या लूपमधून बाहेर काढत होता. ट्रॅक कापल्यावर बाहेर काढणारं कुणी उरलं नाही, आणि त्या रात्री मोडेमने उत्तर दिलंच नाही. दोष सुरुवातीपासून एकच होता, वाट बघण्याला मुदत नव्हती. ती घातली, दोन ओळींचं काम.

अशी दरी शोधायची एक सोपी युक्ती आहे. पिन रिसेटमध्ये रॅममधला मजकूर पुसला जात नाही, सुरुवातीचा कोड तो पुसतो. एक व्हेरिएबल त्या पुसण्यातून वगळा, आणि प्रत्येक मोठं काम सुरू करताना त्यात त्या कामाचा क्रमांक लिहा. रिसेटनंतर तो क्रमांक छापला की फर्मवेअर कुठे अडकलं होतं ते कळतं.

फ्लॅश पुसणं हे दुसरं लपलेलं कारण. एसटीएम३२एफ१०३ चं एक पान २० ते ४० मिलिसेकंदांत पुसलं जातं, तिथे चिंता नाही. पण तोच कोड एसटीएम३२एफ४ वर नेला तर १२८ किलोबाइटचा एक सेक्टर पुसायला एक ते दोन सेकंद लागतात, आणि त्या वेळात फ्लॅशमधून चालणारा कोड थांबून राहतो. ०.९ सेकंदाची किमान मर्यादा केव्हाच ओलांडली. फर्मवेअर अपडेट अर्ध्यावर रिसेट झालं की बोर्ड मेलाच. हाळी देणारा छोटा कोड रॅममधून चालवा, किंवा कोड लहान सेक्टरच्या हिशेबाने मांडा.

बोर्ड सुरू व्हायलाच वेळ लागत असेल तर? टीपीएस३८२३ मध्ये वॉचडॉगची पिन तरंगती ठेवली की वॉचडॉग बंद राहतो. रिसेटनंतर मायक्रोकंट्रोलरच्या पिना तरंगत्याच असतात, त्यामुळे फर्मवेअरने ती पिन आउटपुट करेपर्यंत आपोआप सवलत मिळते. त्या पिनेवर कुणी सवयीने पुलडाउन (ग्राउंडकडे ओढणारा रेझिस्टर) लावला तर ही सवलत जाते. उलट बाजूही ध्यानात ठेवा. पिन आउटपुट करण्याआधीच फर्मवेअर अडकलं तर वॉचडॉग झोपलेलाच राहील, म्हणून ती ओळ शक्य तेवढी वर हवी. लिनक्स चालवणाऱ्या बोर्डांना सुरू व्हायला कित्येक सेकंद लागतात. तिथे सुरुवातीला वेगळी लांब मुदत देणारा मॅक्स६३६९ सारखा आयसी घ्या.

डीबगर लावून ब्रेकपॉइंटवर थांबलात की बाहेरचा वॉचडॉग चावणारच, त्याला डीबगर कळत नाही. यासाठी त्या पिनेच्या वाटेत जंपर ठेवा. काम करताना काढा, झालं की लावा. ट्रॅक कापायची वेळच येत नाही.

आता सर्वांत घातक चूक, आणि ती बोर्ड रिसेट होऊ देत नाही म्हणून कुणाला दिसत नाही. हाळी टायमरच्या इंटरप्टमधून, म्हणजे मुख्य लूप मधेच थांबवून ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कोडमधून, देणं. मुख्य लूप मोडेमपाशी अडकलेला असला तरी इंटरप्ट चालूच राहतो, वॉचडॉगला वाटतं सगळं आलबेल आहे. हाळी मुख्य लूपमधून, एकाच जागेवरून द्या. कामं अनेक असतील तर प्रत्येकाने आपला फ्लॅग लावायचा, सगळे फ्लॅग लागले तरच पिन उलटवायची, मग फ्लॅग पुसायचे. आणि वेळ? किमान ०.९ सेकंदाच्या निम्म्याहून कमी, म्हणजे ४०० मिलिसेकंदांच्या आत.

वॉचडॉग बोर्डावर असणं आणि त्याचा उपयोग होणं वेगळं. १९९४ च्या मे महिन्यात चंद्राचं काम आटोपून जिओग्राफॉस लघुग्रहाकडे निघायच्या तयारीत असलेल्या अमेरिकेच्या क्लेमेंटाइन यानाचं सॉफ्टवेअर बिघडलं, थ्रस्टर सुरूच राहिले आणि इंधन संपून गेलं. यानावर वॉचडॉगची सोय होती, ती वापरात आणलेली नव्हती.

जुन्या बोर्डांवर मॅक्स७०६ असेल तर त्याची एक खोड. वॉचडॉगची मुदत संपली की तो रिसेट देत नाही, वेगळी डब्ल्यूडीओ पिन खाली करतो. ती मॅन्युअल रिसेटच्या पिनेला जोडली तरच बोर्ड रिसेट होतो. आणि ८०५१ वर काम करणाऱ्यांनी, डिप्लोमाच्या प्रोजेक्टमध्ये एटी८९एस५२ अजून सर्रास असतो, त्यांनी रिसेटची दिशा बघावी. त्याला वर जाणारा रिसेट लागतो, म्हणून मॅक्स८०९ नव्हे, मॅक्स८१०.

पायरी ६: रिसेटचा वेळच चुकत असेल तर

काही आयसींमध्ये हा वेळ आपण कॅपॅसिटरने ठरवतो. टीपीएस३८०८ घ्या. सीटी पिन (कॅपॅसिटर जोडायची) मोकळी ठेवली तर २० मिलिसेकंद, रेझिस्टरने सप्लायला जोडली तर ३००, आणि कॅपॅसिटर लावला तर नॅनोफॅरडला १७५ ने भागून आलेले सेकंद, अधिक अर्धा मिलिसेकंद. १०० नॅनोफॅरडला साधारण ०.५७ सेकंद.

एकदा मी हा वेळ मोजायला गेलो आणि ०.८ सेकंदांच्या वर आला. आयसी बदलला, कॅपॅसिटर बदलला, तेच. मग प्रोब सीटी पिनेवरून काढून रिसेट पिनेवर लावला, तर बरोबर ०.५७. कारण असं, की आयसी तो कॅपॅसिटर केवळ २२० नॅनोअँपिअरने भरतो आणि १.२३ व्होल्ट झाले की रिसेट सोडतो. दहापट प्रोबचा १० मेगाओहमचा रेझिस्टन्स त्या व्होल्टेजला १२३ नॅनोअँपिअर खातो, म्हणजे निम्म्याहून जास्त. प्रोब एकपट वर ठेवला तर १ मेगाओहम, आणि मग पिन ०.२२ व्होल्टच्या वर चढतच नाही. बोर्ड कायमचा रिसेटमध्ये.

जे प्रोब करतो तेच नीट न पुसलेला फ्लक्सही करतो. पावसाळ्यात दमट हवेत वेळ वाढत असेल तर आधी त्या पिनेभोवतीची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने, ब्रशने घासून स्वच्छ करा आणि वाळू द्या. कॅपॅसिटर एक्स७आर किंवा सी०जी घ्या. वाय५व्ही तापमानाबरोबर इतका बदलतो की वेळेवर भरवसा ठेवता येत नाही, आणि इलेक्ट्रोलिटिकची गळती इथे परवडत नाही.

पायरी ७: मुद्दाम बिघडवून बघा

दोष सापडला, दुरुस्त केला, बोर्ड चालतोय. तरीही झाकण लावायच्या आधी तीन गोष्टी करा.

फर्मवेअरमध्ये तात्पुरती एक आज्ञा ठेवा, जी मिळाली की मुख्य लूप अनंत फिरत राहील. ती द्या आणि वेळ मोजा. अडीच सेकंदांच्या आत रिसेट व्हायलाच हवा, आणि रिसेटनंतर व्हॉल्व्ह, रिले, मोटर सगळं बंद अवस्थेत यायला हवं.

रेग्युलेटर वेगळा करून ३.३ च्या लाइनला बेंच सप्लाय जोडा. दहा-दहा मिलिव्होल्टने खाली या आणि रिसेट कुठे लागतो ते लिहा. मग वर चढा आणि कुठे सुटतो ते लिहा. दोन्हींत थोडं अंतर हवं. ते अंतर बोर्डावरच्या खड्ड्यांपेक्षा कमी असेल तर काठावर बोर्ड फडफडत राहील.

मग सगळा लोड जोडून, बारीकात बारीक केबल लावून, पन्नास वेळा बंद-चालू करा. कधी अर्धा सेकंद थांबून, कधी पाच. एकदा वॉचडॉग चालू ठेवून पूर्ण फर्मवेअर अपडेटही करून घ्या.

त्या ठिबकच्या बोर्डाचा कापलेला ट्रॅक मी बारीक इनॅमल्ड वायरने जोडला, वरून वार्निश लावलं आणि रिसेटची संख्या फ्लॅशमध्ये नोंदवायची सोय केली. तुमच्या बोर्डावर वॉचडॉगचा जंपर असेल, तर तो परत बसवलाय का ते डोळ्यांनी बघा, आणि मगच स्क्रू आवळा.